गडरा रोड: सीमा नेमकी कधी तयार झाली?

नाशिक रोडला उतरलेल्या माणसाला नाशिक गाठायला अजून आठ-नऊ किलोमीटर जावं लागतं, हे आपल्याला माहीत असतं. डहाणू रोड, आबू रोड ही नावंही तशीच. रेल्वेच्या भाषेत स्टेशनच्या नावापुढे 'रोड' लागलं की समजायचं, गाव इथून थोडं लांब आहे, या रस्त्याने जा.

आता राजस्थानच्या नकाशात बाडमेर जिल्हा काढा. बाडमेरहून पश्चिमेला जाणारी लाइन मुनाबाव या शेवटच्या स्टेशनवर संपते. त्याच्या थोडं आधी 'गडरा रोड' हे स्टेशन लागतं. वरच्या नियमाने जवळपास कुठेतरी गडरा असायला हवं, आणि ते आहेही. पण ते पाकिस्तानात आहे, सिंध प्रांतात. म्हणजे स्टेशन एका देशात आणि ज्या गावासाठी ते बांधलं ते गाव दुसऱ्या देशात.

सीमांच्या इतिहासावर काम करायचं ठरवणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगते. त्यातून संशोधनाचा एक नेमका प्रश्न निघतो: ही सीमा कधी तयार झाली? उत्तर सोपं वाटतं, १९४७. पण सिनॉप्सिसमध्ये एवढंच लिहिलं तर पुढचं सगळं काम बिघडू शकतं. का, ते पाहू.

रॅडक्लिफ इथे आलाच नव्हता

भारत-पाकिस्तानच्या अख्ख्या सीमेला 'रॅडक्लिफ लाइन' म्हणायची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते. प्रत्यक्षात सर सिरिल रॅडक्लिफच्या आयोगांकडे पंजाब आणि बंगाल (सिल्हटसह) यांची विभागणी होती. सिंध प्रांत अखंड पाकिस्तानात गेला, त्यामुळे तिथे आयोगाला रेषा ओढायची गरजच पडली नाही. सिंधच्या पूर्वेला जोधपूर संस्थान होतं, ते भारतात सामील झालं. या दोन निर्णयांमुळे सिंध आणि जोधपूर यांच्यातली जुनी हद्द आंतरराष्ट्रीय सीमा झाली. रेषा आधीपासून होती, १९४७ साली फक्त तिचा दर्जा बदलला.

मग ही जुनी हद्द कुठून आली? त्यासाठी उमरकोटकडे बघावं लागतं. वाळवंटाच्या पश्चिम कडेचा हा किल्ला म्हणजे सोढा राजपुतांचं जुनं ठाणं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो जोधपूरच्या राठोडांकडे आला. १८१३ साली सिंधच्या तालपूर मीरांनी तो जिंकला. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला आणि किल्लाही त्यांच्या हाती गेला. जोधपूरने आपला हक्क सांगितला, पण सरहद्दीवरचं मोक्याचं ठाणं सोडायला इंग्रज तयार झाले नाहीत. शेवटी १८४७ साली जोधपूरच्या खंडणीत वर्षाला १० हजार रुपयांची सूट देऊन त्यांनी हा विषय मिटवला. जी हद्द पुढे दोन देशांची सीमा झाली, ती ठरवण्यात अशा हिशेबाचा हात होता.

इथे मराठी विद्यार्थ्याने कान टवकारावेत. सिंध जिंकल्यावर काही वर्षांतच तो मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १ एप्रिल १९३६ रोजी वेगळा प्रांत होईपर्यंत तिथेच राहिला. म्हणजे जवळजवळ ९० वर्षं थारपारकर जिल्हा मुंबई सरकारच्या कारभाराखाली होता. गडऱ्याच्या बाजारातली वसुली, दुष्काळ, हद्दीवरच्या चोऱ्या अशा गोष्टींचा पत्रव्यवहार जायचा तो मुंबईकडे. याचा उपयोग काय, ते पुढे सांगते.

रेल्वे आली आणि हद्द पुसट झाली

विसाव्या शतकाच्या तोंडावर जोधपूर संस्थानाची मीटरगेज रेल्वे बालोतऱ्याहून बाडमेरमार्गे सिंधच्या हैदराबादेला जाऊन मिळाली. हद्दीच्या दोन्ही बाजूंची गाडी चालवायचं काम जोधपूरच्याच रेल्वेकडे होतं. मारवाडच्या माणसाला कराचीचं बंदर आता एका तिकिटाच्या अंतरावर आलं.

तशी वर्दळ त्याआधीही होतीच. बाडमेर भागात वर्षाला सरासरी ३०० मिलीमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. पाऊस हुकला की गुरं घेऊन पश्चिमेला निघायचं, सिंधूच्या पाण्यावरच्या मुलखात चारा आणि कापणीची मजुरी शोधायची आणि पाऊस पडला की परतायचं, ही मारवाडच्या लोकांची जुनी रीत होती. १८९९-१९०० चा 'छप्पनिया' दुष्काळ (विक्रम संवत १९५६ म्हणून छप्पनिया) राजस्थानात आजही बोलण्यात येतो. अशा वर्षी माणसं आणि जनावरं सिंध आणि माळव्याकडे जात. तनुजा कोठियाल यांचं 'नोमॅडिक नॅरेटिव्ह्ज' (२०१६) हे पुस्तक थर वाळवंटाचा इतिहास याच हालचालींमधून मांडतं. आपल्याला रिकामं वाटणारं वाळवंट सतत चालत्या माणसांचं होतं, हे त्यातून नीट कळतं.

लग्नांचंही तसंच. हे समजायला आपल्याकडची देवकाची चाल आठवा: एकाच देवकाच्या दोन घरांत सोयरीक होत नाही. राजपुतांमध्ये हा नियम कुळाला लागतो. सोढ्याचं लग्न सोढ्यांत होत नाही, कारण ते सगळे भाऊबंद. आता थारपारकरमध्ये राजपूत म्हणजे मुख्यतः सोढाच. मग सून आणायची कुठून, लेक द्यायची कुठे? हद्दीच्या पूर्वेला, मारवाडच्या राठोडांकडे आणि जेसलमेरच्या भाटींकडे. जुन्या हद्दीने यात कधी अडथळा आणला नव्हता. वऱ्हाड उंटावरून जायचं, पुढे रेल्वेने जायला लागलं.

हे लक्षात घेतलं की पुढच्या घडामोडींचं वजन कळतं. चारा, मजुरी, बाजार आणि सोयरीक या चारही गोष्टींसाठी हद्द ओलांडावी लागत होती.

१९४७: एक गोष्ट आणि तिचा एकमेव सांगणारा

जोधपूरचे महाराजा हनवंतसिंह जून १९४७ मध्ये गादीवर आले तेव्हा ते जेमतेम २३-२४ वर्षांचे होते. जोधपूर कुठे जाणार हा प्रश्न तेव्हा खरोखर उघडा होता. व्ही. पी. मेनन यांनी १९५६ सालच्या आपल्या पुस्तकात सांगितलंय की जिनांनी महाराजांपुढे कोरा कागद ठेवला आणि हव्या त्या अटी लिहायला सांगितलं. कराचीचं बंदर वापरायची मुभा, शस्त्रं आणायची मोकळीक, दुष्काळासाठी धान्य आणि जोधपूर-हैदराबाद रेल्वेवरचा अधिकार या गोष्टींची तिथे चर्चा झाली. पुढे महाराज भारतात सामील झाले. त्या बदल्यात जोधपूरहून कच्छमधल्या एखाद्या बंदरापर्यंत रेल्वे जोडण्याचं आश्वासन मेनननी दिलं, असंही तेच लिहितात.

ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, बरेचदा सहीनंतर महाराजांनी मेननवर पिस्तूल रोखल्याच्या प्रसंगासकट. वाचायला मजा येते, पण संशोधक म्हणून तुम्ही इथे थांबायला हवं. सांगणारे मेनन हे स्वतः त्या वाटाघाटीतले खेळाडू. लिहिलं नऊ वर्षांनी. आणि हनवंतसिंह २६ जानेवारी १९५२ रोजी विमान अपघातात गेले होते, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा दुसरी बाजू सांगायला ते हयात नव्हते. यावरून गोष्ट खोटी ठरत नाही. पण ती एका पक्षाची साक्ष आहे आणि तशीच वापरली पाहिजे.

आता पिस्तूल बाजूला ठेवा आणि अटींची यादी बघा: बंदर, धान्य, रेल्वे. पश्चिमेची वाट बंद झाली तर मारवाड कशाने अडेल, नेमकी तीच ही यादी आहे. ज्या वाचकाला आधीची दुष्काळी स्थलांतरं माहीत आहेत, त्याला या किश्श्यात राजा-महाराजांच्या नाट्यापलीकडचं काहीतरी दिसतं. संदर्भ आधी वाचा आणि किस्सा नंतर, असं मी म्हणते ते यासाठी.

कोणासाठी सीमा कधी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सीमा कधी तयार झाली? माणूस बदलला की उत्तर बदलतं.

गडऱ्यातल्या व्यापाऱ्यासाठी ती फाळणीबरोबरच तयार झाली. तिथली बरीच हिंदू कुटुंबं उठून स्टेशनाजवळ आली आणि गडरा रोड हे स्टेशनाभोवतीची वस्ती न राहता गाव झालं. गडऱ्याचे लाडू प्रसिद्ध होते. ते आता अलीकडे वळले जाऊ लागले आणि नाव जुनंच राहिलं.

गाडीतल्या प्रवाशासाठी १९४७ ला काहीच बंद झालं नाही. उलट पंजाबची वाट रक्ताने माखलेली असताना आणि नंतर तिथे बंदोबस्त आल्यावरही, खोखरापारची ही वाट दोन्हीकडच्या निर्वासितांना उघडी होती. सिंधी हिंदू इकडे येत होते, उत्तर भारतातले मुसलमान तिकडे जात होते. जुलै १९४८ मध्ये भारताने परमिट पद्धत आणली, ऑक्टोबर १९५२ मध्ये पासपोर्ट आला. वझीरा झमिनदार यांच्या 'द लाँग पार्टिशन' (२००७) या पुस्तकात हा कागदांचा इतिहास आहे. फाळणी ही एका ऑगस्ट महिन्यातली घटना नव्हती, ती कचेऱ्यांमधून अनेक वर्षं चालू राहिली, हा त्यांचा मुद्दा थरच्या वाळवंटाला चपखल लागू पडतो.

वऱ्हाडासाठी सीमा आली सप्टेंबर १९६५ मध्ये. युद्धात पाकिस्तानने मुनाबाव घेतलं, भारताने गडरा घेतलं. गडरा रोडजवळ लाइनवर काम करणारे रेल्वे कर्मचारी हवाई हल्ल्यात मारले गेले, त्यांची आठवण तिथे आजही दर ९ सप्टेंबरला केली जाते. जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानंतर दोन्ही बाजूंनी जिंकलेला मुलूख परत केला. गाडी मात्र परत सुरू झाली नाही, ती पुढची चाळीस वर्षं. लेकीला माहेरी यायचं तर आता आधी उत्तरेला लाहोर गाठायचं, वाघा-अटारी ओलांडायचं आणि मग पुन्हा दक्षिणेला राजस्थानात उतरायचं.

तिकडच्या मेघवाळ, भिल्ल आणि सोढा कुटुंबांपैकी अनेकांसाठी खरी तारीख १९७१ ची आहे. त्या युद्धात भारतीय सैन्य छाछरो, नगरपारकरपर्यंत गेलं. सैन्याच्या मागोमाग मोठ्या संख्येने लोक भारताच्या बाजूला आले. २ जुलै १९७२ च्या सिमला करारानुसार जमीन परत गेली, पण आलेल्यांपैकी अनेकांनी परतायला नकार दिला. बाडमेर आणि कच्छमधल्या छावण्यांमध्ये दिवस काढत, नागरिकत्वाची वाट बघत ते इथलेच झाले. सगळेच आले असं मात्र नाही. उमरकोटचे राणा चंद्रसिंह तिथेच राहिले, पाकिस्तानच्या संसदेत गेले, मंत्रीही झाले. त्यांच्या घराण्यातल्या सोयरिकी तरीही राजस्थानात होत राहिल्या, कारण कुळाचा नियम पासपोर्टला विचारून बदलत नाही.

आणि मेंढपाळासाठी सीमा आली ती १९९० च्या दशकात, तारेचं कुंपण आणि दिवे घेऊन. तोवर वाळूतली रेषा चुकून ओलांडता येत होती. जनावराला नागरिकत्व कळत नाही, पण तार कळते.

१८ फेब्रुवारी २००६ ला 'थार एक्स्प्रेस' सुरू झाली तेव्हा दोन्हीकडचे मीटरगेज रूळ जाऊन ब्रॉडगेज आले होते. पण गाडी परत आली म्हणून जुनी वर्दळ परत आली असं समजू नका. प्रवाशांना बसायचं स्टेशन होतं जोधपूरचं भगत की कोठी. त्यामुळे बाडमेरच्या माणसाला पलीकडे जायचं तर आधी उलट्या दिशेने जोधपूरला जायचं आणि मग त्याच गाडीने स्वतःच्या गावावरून, न उतरता, मुनाबावला यायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये तीही बंद झाली.

मोजा आता. १९४७, १९५२, १९६५, १९७१, १९९० चं दशक, २०१९. रेषा जवळपास तीच, पण तिच्या तारखा किमान सहा. सीमा कधी तयार झाली याचं एकच उत्तर देणारा संशोधक नकळत कोणातरी एकाचाच इतिहास लिहीत असतो.

कागद कुठे आहेत?

आता कामाचं बोलू. या सीमेने लोकांबरोबर दप्तरंही विभागली. भारतीय विद्यार्थ्याला कराचीच्या अभिलेखागारात जाऊन बसणं आज जवळजवळ अशक्य. पण १९३६ पूर्वीचा सिंध मुंबई इलाख्यात होता, हे वर सांगितलं. तेव्हा मुंबई सरकारकडे आलेला पत्रव्यवहार काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, महाराष्ट्राच्या राज्य अभिलेखागारात शोधायला हवा. थरच्या वाळवंटावर पीएचडी करायची सुरुवात तुम्ही चर्चगेट स्टेशनपासून चालत जाऊन करू शकता. ही संधी मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांनी घ्यावी, असं मनापासून वाटतं.

एक छोटी सूचना. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीच्या वर्षांत थर आणि पारकरचा कारभार कच्छच्या पोलिटिकल एजंटाकडे होता, १८५० च्या दशकात तो सिंधकडे गेला. त्यामुळे फक्त 'सिंध' या नावाखाली शोधलंत तर आधीची कागदपत्रं निसटतील, 'कच्छ' खालीही बघा. छापील साधनांमध्ये कॅप्टन रेक्स याचा थर आणि पारकरवरचा वृत्तांत मुंबई सरकारच्या 'सिलेक्शन्स' मालिकेत आहे, ह्यूजचं सिंध गॅझेटिअर १८७४ चं आणि एटकिनचं १९०७ चं. पलीकडच्या बाजूसाठी जोधपूर संस्थानाची दप्तरं बिकानेरच्या राज्य अभिलेखागारात आणि सामिलीकरणाच्या काळातल्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. मारवाडच्या १८९१ च्या जनगणनेचा जातींवरचा हिंदी अहवालही चुकवू नका.

पण या सगळ्या कागदांत कोण बोलतंय, तेही बघा. पोलिटिकल एजंट, तहसीलदार, राजा, रेल्वेचा अधिकारी. मेघवाळ आणि भिल्ल तिथे येतात ते बहुतेक वेळा करदाता, मजूर किंवा आरोपी म्हणून. आणि सोयरिकीवर इतकं बोललो, पण ज्या मुली हद्द ओलांडून सासरी गेल्या त्यांचा आवाज फायलीत सापडत नाही. तिथे मौखिक साधनांकडे वळावं लागतं. मांगणियार गायकांचे यजमान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात, यजमानांच्या घराण्याच्या आठवणी ते गाण्यातून जपतात, आणि हे गायक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. कोमल कोठारी यांनी बोरुंद्याच्या रूपायन संस्थानात या परंपरांच्या नोंदी करण्यात आयुष्य घातलं. अर्थात तिथेही सावध राहा: गायक यजमानाचं गातो, तेव्हा तोही एका बाजूचा साक्षीदार असतो.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा

तुमचा विषय सीमा नसेलही. धरण असेल, गिरणी असेल, भाषावार प्रांतरचना असेल. बेळगाव-निपाणी घ्या. '१ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला' हे वाक्य बरोबर आहे, पण शाळेत जाणाऱ्या मुलासाठी, कोर्टात अर्ज करणाऱ्यासाठी आणि तंबाखूच्या व्यापाऱ्यासाठी हा बदल एकाच दिवशी झाला का, हा प्रश्न त्या वाक्याने सुटत नाही.

म्हणून तारीख लिहिली की तिच्या शेजारी लगेच पेन्सिलने लिहा: कोणासाठी? मग खाली चार-पाच माणसं मांडा, व्यापारी, मेंढपाळ, सासुरवाशीण, कारकून, मजूर. प्रत्येकासमोर त्याची तारीख आणि ती कोणत्या कागदातून किंवा कोणाच्या तोंडून कळणार, ते लिहा. काही रकाने रिकामे राहतील. गाईडला दाखवायला सगळ्यात आधी तेच रकाने न्या, कारण बहुतेक वेळा तुमचा खरा विषय तिथेच असतो.